भरली टाकी कुणी मोकळी करत नाही

अक्का,

दुसऱ्या गाडीचं पत्र आलं. तेव्हा तुला जाऊन नऊ दिवस झाले होते. सकाळच्या दूध संकलनाच्या वेळी पोस्टमन पाकीट टेबलावर टाकून गेला, मी फोडून वाचलं आणि सवयीनं मोठ्यानं बोलून गेले, "अक्का, आलं गं!" रांगेतल्या बायका कॅन हातात धरून माझ्याकडं बघत राहिल्या. राधाबाई सगळ्यांत पुढं होती. ती म्हणाली, "ऐकलं असंल तिनं. तू माप घे." मी माप घेतलं. दोनदा चुकलं.

पत्र पहिल्या गाडीच्या वेळी आलं होतं तसंच आहे. गाडी मंजूर झाली आहे, पाण्याच्या व सांडपाण्याच्या टाक्या कोणत्या मापाच्या हव्यात ते आपल्या संस्थेने ठराव करून कळवावे. एवढंच. पण वाचून मी ते पत्र ठरावाच्या पुस्तकाखाली सारलं, आणि का सारलं हे गावात फक्त तुला कळलं असतं. "दुसरी गाडी येऊ दे, मंग सांग समद्यांला," असं तू म्हणाली होतीस. आली गाडी, आणि तू नाहीस. मला ऐन वेळी एकटीला पुढं करायची ही तुझी जुनीच खोड.

तुझ्याबद्दल लोक आता फार चांगलं बोलतात. कुणी माउली म्हणतं, कुणी आधारवड. तू ऐकलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. मला आठवते ती अध्यक्षाच्या खुर्चीवर मांडी घालून बसणारी आणि सही करताना जिभेचं टोक बाहेर काढणारी बाई. मी सचिव. सभेत मी तुला "तुम्ही" म्हणायचे आणि सभा संपून चपला घालेपर्यंत "तू"वर यायचे. चौसाळ्याच्या पलीकडं फाट्यावर दोन पत्र्याच्या खोल्या, एक वजनकाटा, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, एवढी आपली महिला दूध संस्था. त्या दोन खोल्यांवर तुझा केवढा जीव होता! पावसात पत्रा गळायला लागला की तू घरचं अंथरूण आणून काट्यावर टाकायचीस.

पहिल्या गाडीच्या वर्षी मात्र पत्रा गळलाच नाही. पाऊसच आला नाही. दसऱ्यानंतर निम्मं गाव ऊस तोडायला पश्चिमेकडं जातं हे काही नवीन नव्हतं. तू स्वतः वीस-बावीस हंगाम केलेस, माझी आई तुझ्याच जोडीनं गेली. पण त्या वर्षी ज्यांनी कधी गाव सोडलं नव्हतं त्यासुद्धा गेल्या. जनावरं छावणीत, विहिरी कोरड्या, आणि संकलनाला जेमतेम दोन कॅन दूध. मी म्हटलं, संस्था बंद ठेवू हंगामभर. तू म्हणालीस, "बंद कावून ठेवायची? बाया तिकडं गेल्या तर संस्था बी तिकडं गेली पायजे."

मला आधी ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. पण तुझं डोकं कुठं चाललं होतं ते नंतर समजलं. कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोप्या असतात, त्यांना ना न्हाणी ना संडास. बायका उजाडायच्या आत उसात जातात, आणि मग दिवसभर पाणी पीत नाहीत, जावं लागू नये म्हणून. तू म्हणालीस, चाकावरची न्हाणी करू. तळ हलला की न्हाणी हलेल. शहरातल्या एका संस्थेला मी अर्ज लिहिला, तू सही केलीस, आणि चक्क मंजुरी आली. टाक्यांचं काय ते तुम्ही ठरवा, म्हणाले. सभेनं आपल्या दोघींवर सोपवलं आणि बायका बैलगाड्यांत आणि ट्रकांत बसून निघून गेल्या.

पुण्याला गेलतो ते तुला आठवतं का? आठवत असणारच, तू तो किस्सा घोळक्यात सांगायचीस. एका मोठ्या शोरूममध्ये सहलीच्या घरगाड्या होत्या. श्रीमंत लोक त्यात झोपतात, स्वयंपाक करतात, डोंगरात जाऊन राहतात. आपल्याला फक्त त्यातल्या टाक्या बघायच्या होत्या. विकणारा मुलगा टाय लावलेला, आपल्याला गादी दाखवतोय, टीव्ही दाखवतोय. तू काही न बोलता पदर खोचलास आणि चकचकीत फरशीवर उकिडवी बसून गाडीच्या खाली डोकं घातलंस. तो घाबरला. तू खालूनच ओरडलीस, "म्हैस घेताना कास बघत्यात बाबा, शिंगं न्हाईत बघत. टाक्या कुटं हायेत?"

मग त्यानं मोठ्या उत्साहात सांगितलं. टाक्या तीन असतात. चांगल्या पाण्याची ती फ्रेश, भांड्याच्या-आंघोळीच्या पाण्याची ती ग्रे, संडासाची ती ब्लॅक. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "पांढरी, करडी आन काळी. शेळ्या इकतोय का ह्यो?" मी हसू दाबता दाबता खोकायला लागले. त्यानं आपल्याला थंड पाण्याच्या बाटल्या दिल्या. तू अर्धी प्यालीस आणि अर्धी पिशवीत घालून गावापर्यंत आणलीस. बीडच्या स्टँडवर मी ती मागितली तर म्हणालीस, "ऱ्हाऊ दे, उद्याला व्हईल." त्यात पुढच्या सगळ्याची गोम होती, अक्का, आणि मी एवढी शिकलेली असून मला ती दिसली नाही.

ती गाडी आपल्या कामाची नव्हतीच. एवढीशी टाकी, दोन माणसांपुरती. जुन्या टेम्पोच्या सांगाड्यावर बीडच्या मिस्त्रीकडून आपल्याला हवी तशी बांधून घ्यायचं ठरलं. दोन न्हाण्या, दोन संडास, वर पत्रा, खाली टाक्या. मिस्त्रीनं खडूनं जमिनीवर टेम्पोचं माप आखून दिलं आणि म्हणाला, जागा एवढीच आहे, आता कोणती टाकी केवढी ते सांगा.

आता मी जे लिहिणार आहे ते तुला माहीत आहे. तरी एकदा माझ्या तोंडून ऐक.

तेरा वर्षांची असताना मी आईबरोबर तळावर होते आणि तिथंच मला पहिल्यांदा पाळी आली. आई मोळ्या बांधायला फडात होती. मी कोपीत अंग चोरून बसले होते. तू कुणाची तरी वाकळ घेतलीस, दोन बायांना टोकं धरायला लावलीस आणि आडोसा केलास. एक हंडा पाणी होतं, सगळ्या कोपीचं पिण्याचं. ते तू माझ्या अंगावर घातलंस. संध्याकाळी तुझ्या नवऱ्यानं पाणी कुठं गेलं म्हणून विचारलं तर म्हणालीस, कुत्र्यानं लवंडलं. एका हंड्यात माझं अंग नीट धुऊन निघालं नव्हतं. पण ते पाणी मी जन्मात विसरले नाही. म्हणून खडूच्या त्या चौकोनासमोर उभी राहिले तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, पाणी भरपूर पाहिजे. कुठल्या पोरीला एका हंड्यात न्हावं लागू नये.

मी चांगल्या पाण्याची शंभर हंड्यांची टाकी सांगितली. मग मागं जागा उरली जेमतेम चाळीस हंड्यांची. म्हटलं, दोन घाण टाक्या कशाला, एकच करा, न्हाणीचं आणि संडासाचं एकत्र जाऊ द्या.

तू जमिनीवर बसली होतीस. खडूच्या रेघेवर बोट ठेवून म्हणालीस, "पोरी, न्हाणीचं येगळं ठिव. ते झाडाला घालता येतंय. आन ही घाणीची लई बारकी व्हतीय. चांगली टाकी बाया वापरायच्याच न्हाईत. आपल्याकडची बाई भरली टाकी मोकळी करत न्हाई. ती भाईरून पानी आनंल, आतमंदी न्हाईल, आन टाकीतलं उद्याला ठिवंल."

आणि मी म्हणाले, "अक्का, मी सगळं माप काढलंय. तुला लिहिता-वाचता येत नाही, तुला काय कळतंय मापातलं?"

मिस्त्रीसमोर म्हणाले. त्यानं मान खाली घालून खडू खिशात ठेवला. तू माझ्याकडं बघितलंस, रागानं नाही, नुसतंच, आणि बोटाला लागलेला खडू लुगड्याला पुसलास. मग कागद पुढं ओढलास आणि जीभ बाहेर काढून सही केलीस. परतीच्या एसटीत तू मला शेंगदाणे दिलेस. मी घेतले, खाल्ले, आणि माफी मागायची राहून गेली. वाटलं, मागू उद्या. भरली टाकी मीही मोकळी केली नाही.

गाडी तळावर पोचली त्या दिवशी बायकांनी तिला हळदकुंकू लावलं. मी खाली उभी राहून सगळ्यांना नळ दाखवत होते, जसं काही धरणाचं उद्घाटन आहे. चौथ्या दिवशी तळावरून निरोप आला, या लवकर. आपण दोघी दुपारी पोचलो. चांगली टाकी गळ्यापर्यंत भरलेली, चार दिवसांत चार बोटंसुद्धा उतरली नव्हती. बायका पाटावरून हंडे आणून आत न्हात होत्या, कपडे धूत होत्या, लेकरं धूत होत्या. गाडीतलं पाणी? "ऱ्हाऊ द्या की, कवा लागंल कवा न्हाई." आणि खालची टाकी भरून, तुंबून, झाकणातून उतू गेली होती. संडासाचं पाणी शेजारच्या शेतात उतरलं होतं. शेतमालक बांधावर उभा राहून शिव्या देत होता आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. न्हाणीचं वेगळं असतं तर त्याच पाण्यावर त्यानं आनंदानं दोन वाफे भिजवले असते.

मुकादमानं गाडी तळावरून काढून गावी परत न्यायला लावली. हंगामाचे चार महिने पुढं होते. राधाबाईची सून बाळंत होऊन महिना झाला नव्हता. आपण गाडीमागं निघालो तेव्हा ती लेकरू छातीशी धरून कोपीच्या तोंडाशी उभी होती. बायका पुन्हा अंधारात उसात जायला लागल्या.

हंगाम संपल्यावर सर्वसाधारण सभा झाली. दोन खोल्यांत मावत नव्हत्या एवढ्या बायका, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, ही टाकी ठरवली कुणी? कुणीतरी म्हणालं, ठरावाचं पुस्तक काढा. मी काढलं. सूचक म्हणून रकाना असतो, तो मी कोराच ठेवला होता, कारण ठरलं होतं खडूच्या रेघेवर, सभेत नाही. तू उठलीस आणि म्हणालीस, "म्या ठरवली. सचिव येगळं सांगत व्हती, म्याच ऐकलं न्हाई. ल्हिव गं, माझं नाव ल्हिव."

आणि मी लिहिलं. पेन उचललं आणि माझ्या वळणदार अक्षरात तुझं नाव लिहिलं. सूचक, कौसल्याबाई. त्या चुकीवर तुझं नाव माझ्या हातानं चढलं.

पुढच्या निवडणुकीत तुझं अध्यक्षपद गेलं. गावात म्हण पडली. पोतं लवकर भरलं, डबा ओसंडला, की म्हणायचं, अक्काची टाकी झाली. लहान लेकरंसुद्धा म्हणायला लागली. तू हसायचीस. मी तिथून उठून जायचे.

त्यावरून आपलं भांडण झालं ते संपलंच नाही. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, मी उद्या सभा बोलावते आणि खरं काय ते सांगते. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. मग म्हणालीस, "म्या चुकले तर एक अडानी बाई चुकली. इसरून जात्याल. तू चुकलीस तर मंत्याल, शिकल्याली चुकली, मंग शिकून काय उपेग? दुसऱ्या गाडीचा कागद कोन ल्हिवणार हाय? तूच ना? तुझ्या अक्षरावरला इस्वास ऱ्हाऊ दे तवर. दुसरी गाडी येऊ दे, मंग सांग."

मी चिडून म्हणाले, "आणि तू सगळ्यांपुढं अडाणी ठरलीस त्याचं काय?"

"म्या हायच की अडानी," तू म्हणालीस आणि माझ्या ताटात भाकरी टाकलीस.

अक्का, पाच वर्षं मी हे कोडं घेऊन फिरतेय. ते तू सहज म्हणालीस, की मिस्त्रीसमोरचं माझं बोलणं मला परत केलंस? तुझ्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. तू डाळीत मीठ कमी आहे का म्हणून विचारलंस. मला तुझा रागही यायचा, खरं सांगते. चूक माझी, आणि तिची शिक्षा भोगायचा हक्कसुद्धा तू माझ्याकडून काढून घेतलास. पण तुझ्या त्या आडोशात उभं राहून मी पाच वर्षं अर्ज लिहिले, आणि लोक माझं ऐकत राहिले, हेही खरं. दुसऱ्यांदा तू माझ्यासाठी वाकळ धरलीस. मी ते घेतलं आणि वर तुझ्यावरच रागावले.

शेवटचं भेटलो ते संस्थेच्या ओट्यावर. तू छाती चोळत होतीस. मी म्हटलं, बीडला डॉक्टरकडं जाऊ. म्हणालीस, सोमवारी. मी म्हटलं, माझं एक बोलायचं राहिलंय तुझ्याशी. म्हणालीस, ते बी सोमवारी. रविवारी तू गेलीस.

तुझ्या जलदान विधीला भन्तेजी गाथा म्हणत होते आणि तुझी लेक तांब्यातून ताटलीत पाणी ओतत होती. ताटली भरली, वरून वाहायला लागली. मला सारखं वाटत होतं, तू आता कोपऱ्यातून विचारशील, हे कुठं जाणार? विधी झाल्यावर तुझ्या लेकीनं ती ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि दारातल्या लिंबाच्या बुडाशी रिती केली. मी तिथं रडले. त्याआधी रडले नव्हते.

आज सभा झाली. विषय एकच, दुसऱ्या गाडीच्या टाक्या. आधी तुला श्रद्धांजली, सगळ्या उभ्या राहिल्या. खाली बसताना मागून कुणीतरी म्हणालं, "आता तरी अक्काची टाकी नको गं बायांनो," आणि सगळ्या हसल्या. प्रेमानं हसल्या. मी मात्र उभीच राहिले.

सगळं सांगितलं. खडू, चाळीस हंडे, तू काय म्हणाली होतीस, मी तुला मिस्त्रीसमोर काय म्हणाले, आणि रकान्यात तुझं नाव कुणी लिहिलं. बाहेर एसटी थांबली आणि निघून गेली. एक म्हातारी म्हणाली, "पाच वरसं गप बसलीस?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "तिला कसं सोसलं असंल गं?" मी खाली बसले.

राधाबाई उठली. तिची ती सून आणि ते लेकरू माझ्या डोळ्यांपुढं आलं. वाटलं, आता ही मला पदावरून खाली ओढणार, आणि ओढलं तर बरं होईल. ती टेबलापाशी आली, ठरावाचं पुस्तक उघडलं, कोरं पान माझ्यापुढं सरकवलं.

"मंग बसलीस काय?" म्हणाली. "आता घाणीची आधी ल्हिव."

लिहिली, अक्का. न्हाणीच्या पाण्याची वेगळी, संडासाची वेगळी, दोन्ही चांगल्या पाण्याच्या टाकीपेक्षा मोठ्या. चांगल्या पाण्याची सगळ्यांत शेवटी लिहिली. मग सूचकाचा रकाना आला. मयत सभासदाचं नाव तिथं चालत नाही, हा नियम सचिव म्हणून मीच सगळ्यांना सांगत आले आहे. तरी तुझंच लिहिलं, पूर्ण नाव, सावकाश, आणि यावेळी ते खरं होतं. राधाबाईनं अनुमोदन दिलं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.